कोंडलेलं बीळ

कऱ्हाड सोडून कृष्णा खाली उतरली की पसरट होते आणि एके ठिकाणी दोन अंगांनी वाहते. मधे जी जमीन राहते तिला पल्याडची माणसं भोयांचं बेट म्हणत. बेट म्हणायला मोठं, उन्हाळ्यात चिलीम विझायच्या आत फिरून व्हायचं. त्यावर भोयांची थोडीफार खोपटं, काही करंजाची झाडं, आणि बाकी सगळी वस्ती खेकड्यांची. मासे धरणारे भोई नदीकाठच्या गावोगावी होते, पण खेकडा खावा तर बेटाचाच, असं पल्याडचे ऊसवाले रश्शाचा हात मिशांवरून फिरवत सांगायचे. सांगायला त्यांचं काय जात होतं? बिळात हात भोयानं घालायचा.

मनुबाईनं तो वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून घातला. माहेर वारणाकाठच्या भोयांचं, सासर या बेटावरचं, म्हणजे एका चिखलातून उठून दुसऱ्या चिखलात. तिचे हात लहान होते, लग्नात बांगड्या भरताना कासारीण हसली होती. पण लहान हात अरुंद बिळात खोल जातो. बेटावरचे बाप्ये जिथं कोपरावर अडायचे तिथं मनुबाई खांद्यापर्यंत शिरायची आणि खेकडा पाठीमागून धरून अलगद बाहेर काढायची. नांगी लागायची, रक्त यायचं. ती बोट तोंडात घालून चोखायची आणि पुढच्या बिळाकडं सरकायची.

बेटावर खेकडे धरायची एक रीत होती. बीळ लय खोल असलं तर ते चिखलाचा बोळा बसवून कोंडायचं. आत दम कोंडला की रात्रभरात खेकडा वर सरकतो आणि सकाळी बोळ्याच्या मागं येऊन बसतो. बोळा उपसला की हात घालायचा, खेकडा हाताशीच. पण कोंडायच्या आधी बिळात काडी घालायची. आत खेकडा असला तर काडी नांगीत धरतो आणि हाताला ओढ लागते. आत दुसरं काही असलं तर ओढ लागत नाही, फुसकारा ऐकू येतो. एकदा काडी घालून कोंडलेलं बीळ सकाळी उघडताना कुणी पुन्हा काडी घालत नसे. कोंडणाऱ्याच्या काडीवर भरवसा ठेवायचा आणि बेधडक हात घालायचा.

बोळ्यावर कोंडणाऱ्याच्या पंजाचा ठसा असायचा. ज्याचा पंजा त्याचं बीळ. दुसऱ्याचा बोळा उपसणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचं भांडं उतरवणं. मनुबाईच्या सासऱ्याच्या काळी एकानं ते केलं होतं. पंचांनी त्याला बायकापोरांसकट सुके भोपळे बांधलेल्या सांगडीवर बसवून नदीत लोटलं. पुढं त्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. बेटावर पोरं मोठी होताना ही गोष्ट ऐकूनच मोठी व्हायची.

मनुबाईचा नवरा लवकर गेला. मागं राहिला सयाजी हा एकच मुलगा, आणि धाकटा दीर नाथाजी. दिराशी तिचं बिनसलं ते दरडीवरून. बेटाच्या वरच्या टोकाला करंजाखाली एक उंच दरड होती. कितीही पूर आला तरी तिच्यावर पाणी चढत नसे, म्हणून तिथली बिळं बारमाही. नवऱ्याच्या माघारी पंचांनी ती दरड नाथाजीकडं दिली, बाईमाणसाला खालचा काठ पुरे म्हणाले. मनुबाईनं चारचौघांत दिराच्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. "भावाच्या चितंवर भाकरी भाजलीस रं," असं ती म्हणाली आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. नाथाजीनं पुढं दोनतीनदा शब्द टाकून पाहिला. दिवाळीला तानुबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातून फराळ धाडला. मनुबाईनं तो कोंबड्यांपुढं ओतला. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, अशातली ती बाई. गरिबाला एवढा पीळ परवडत नाही, हे तिला कुणी सांगायचं?

लढाईच्या ऐन भरात सयाजी पलटणीत गेला. बेटावरच्या पोरांना पलटणीचं कौतुक नव्हतं, पण भरती करणारा जेवायला देतो म्हटल्यावर तो गेला. बायको शालूबाई पोटुशी होती. ती वर्षं धान्य कंट्रोलवर गेल्याची. पल्याडची माणसं आधी खेकड्याला पायलीनं जोंधळा घालायची, आता मापटं घालतानाही मूठ आखडू लागली. त्यात भूमिगत माणसं नदी ओलांडून पळतात म्हणून सरकारी माणसांनी काठाकाठाच्या नावा ओढून नेल्या. बेटाची एकुलती एक नावही गेली. येणं-जाणं उरलं ते सांगडीवर, नाहीतर पल्याडच्या गुऱ्हाळातून कुणी उसाचा रस आटवायची काहील, म्हणजे भली मोठी पसरट कढई, पाण्यात सोडली तर तिच्यातून.

आषाढात शालूबाई बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तिकडं महाबळेश्वराच्या अंगाला पाऊस धरला. वर धरला की दुसऱ्या दिवशी बेटाला कळायचंच. कृष्णा लाल होऊन फुगली, खालचा काठ बुडाला, मनुबाईची सगळी बिळं पाण्याखाली गेली. सांगड घालावी असं पाणी नव्हतं. घरात होता तो मूठभर कोंडा आणि अळूची पानं. शालूबाईला दूध उतरेना. पोरगी आधी रडायची, मग तिचं रडणं बारीक झालं, आणि मग तिनं रडणं सोडलं. 

"आत्याबाई, हिच्या तोंडात काय घालू?" शालूबाई म्हणाली. तिचे ओठ वाळले होते.

"खेकड्याचं कढान प्यालीस तर दूध सुटंल. थांब जरा, बगते," मनुबाई म्हणाली आणि पावसात बाहेर पडली.

बघण्यासारखी जागा एकच होती. नाथाजीच्या खोपटापुढून जाताना तिचे पाय अडखळले. आतून चुलीचा धूर येत होता, नाथाजीच्या खोकल्याचा आवाज येत होता. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. "भाऊजी, सून बाळंतीण हाय" एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण कोंबड्यांपुढं ओतलेला फराळ तिला आठवला आणि तिनं ते मिटलं. ती तशीच पुढं दरडीकडं गेली.

भर दुपार होती, पण पाऊस असा की कुत्रंही बाहेर नव्हतं. करंजाच्या मुळ्यांच्या आडोशाला, जिथं थेंब पडत नव्हता, तिथं नाथाजीनं सकाळीच कोंडलेलं एक मोठं बीळ होतं. बोळ्यावर त्याचा डावा पंजा. नाथाजी डावखुरा, आणि पंजा सुपाएवढा. मनुबाई त्या पंजाकडं बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले आणि बोळा उपसला.

खेकडे अजून वर आले नव्हते. तिला खांद्यापर्यंत जावं लागलं. एक निघाला, दुसरा निघाला, दोन्ही तळव्याएवढे. तिनं नांग्या मोडल्या, पदरात गुंडाळले आणि जी सुटली ती घरी येऊनच थांबली. कालवण चुलीवर चढवलं तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की बीळ उघडंच राहिलंय. उघडं बीळ म्हणजे चोरीची दवंडी. कोंडलेलं बीळ रिकामं निघालं तर कुणी काही म्हणत नाही, खेकडा खोल गेला असेल म्हणतात. ती पुन्हा धावली.

वाटेत तिला सारखं वाटत होतं, कुणीतरी बघतंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. ती दरडीशी पोचली. तिनं दोन्ही हातांनी चिखल कालवला, बोळा केला, बिळाच्या तोंडात ठोकून बसवला आणि वर डावा हात दाबला. ठसा लहान उमटला. तिनं हात जरा सरकवून पुन्हा दाबला, बोटं फाकवून तिसऱ्यांदा दाबला. लांबून बघणाऱ्याला चालून गेलं असतं. मग ती घरी आली.

काडी घालायची ती विसरली. शालूबाई नवी सून म्हणून आली तेव्हा "भाकर इसरलीस तर चालंल पर काडी इसरू नगोस" असं तिला बजावणारी मनुबाई, ती स्वतः विसरली. पुराच्या दिवसांत काठाकाठाची जनावरं पोहत येऊन उंच जागेची बिळं धरतात, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ते बीळ कालवणाला उकळी येईपर्यंत उघडं होतं.

सकाळी पाऊस उघडला होता. शालूबाईला पहाटे पान्हा फुटला होता. पोरगी चुटूचुटू पीत होती आणि मनुबाई तिच्या तोंडाकडं बघत बसली होती. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं. तेवढ्यात दरडीकडून तानुबाईची किंकाळी आली.

नाथाजीला चारचौघांनी उचलून आणलं. डाव्या मनगटावर दोन टिपके होते आणि हात काळानिळा पडत चालला होता. पल्याडच्या माळावर बिराप्पा धनगर विषावर मुळी द्यायचा. त्याला आणायला, नाहीतर नाथाजीला न्यायला, काठावर उभं राहून सगळं बेट ओरडलं. "काईल सोडा! काईल सोडा!" पल्याडून माणसांनी काहील आणली, पाण्यात घातली, ती भोवऱ्यात गरगरली आणि उलटी झाली. आतला माणूस कसाबसा दोरीला धरून माघारी ओढला. दुसऱ्यांदा कुणी उतरायला तयार होईना. त्यांचं तरी काय चुकलं?

मनुबाई गर्दीच्या मागं उभी होती. नाथाजीच्या तोंडाला फेस आला होता. त्याची नजर फिरत फिरत तिच्यापर्यंत आली आणि तिथं थांबली. त्याचे ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. मनुबाईला वाटलं, आता हा बोट दाखवणार. त्यानं बोट दाखवलं नाही. उन्हं वर यायच्या आत तो गेला.

पंच बसले तेव्हा बेटावरचा जाणता म्हातारा अर्जुना म्हणाला, "बीळ त्याचं, बोळा त्याचा. काडी घाटल्याबिगर कोंडलं असणार. भोयाच्या पोटी येऊन काडी इसरला, काय म्हनावं?" सगळ्यांनी माना हलवल्या. बोळ्याचा चिखल पायाखाली तुडवला गेला होता, बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मनुबाईनं मान खाली घातली. एक शब्द बोलायचा आणि सांगडीवर बसायचं, सोबत ओली बाळंतीण आणि तिची कोवळी पोरगी. तिनं शब्द गिळला. आणि खरं सांगायचं तर पोरगी नसती तरी तिनं तो गिळलाच असता. मरणाची भीती सगळ्यांना सारखीच असते.

तेव्हापासून बेटावर एक म्हणच पडली. कुणी घाईनं बीळ कोंडायला लागलं की दुसरा हटकायचा, "ए, नाथाजी करू नगो." पोरं खेळताना म्हणायची, बाप्ये चिलीम ओढताना म्हणायचे. बेटावरचा सगळ्यात हुशार खेकडेवाला मेल्यावर विसरभोळा म्हणून उरला. तानुबाईसमोर म्हणायलाही कुणाला काही वाटत नसे. ती ऐकून घ्यायची आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढायची.

मनुबाईनं मात्र अबोला सोडला. दिवसाला जेवढे खेकडे निघतील त्यांतले निम्मे ती मडक्यात घालून तानुबाईच्या दारात नेऊन ठेवायची, तेही थोरले निवडून. तानुबाईला दोन पोरं, आणि तिचा स्वतःचा हात बिळात जात नव्हता. नाथाजी गेल्यापासून ती बिळाजवळ बसली की तिला कापरं भरायचं. मनुबाईनं दोन घरांचं काम एका हातानं ओढलं. थंडीत बोटं वाकायची बंद झाली, नांग्यांनी तळवे फाटले, एक नख गेलं ते पुन्हा आलं नाही. लोक म्हणायचे, "वाघीन हाय. दिराशी भांडली, पर दिराची पोरं जगवली." हे ऐकलं की मनुबाईला वाटायचं, कुणीतरी आपल्या तोंडावर चिखल फेकावा. तानुबाई कधी चांगलं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. मडकं आत घ्यायची आणि रिकामं बाहेर ठेवायची.

लढाई संपली. सयाजी एका पायानं थोडा लंगडत, पण जिवंत परत आला. त्याला सांगलीला गिरणीवर पहाऱ्याचं काम मिळालं, राहायला पत्र्याची खोलीही. तो आईला न्यायला बेटावर आला. नात आता दुडुदुडु धावत होती. ती बापाला बघून आजीच्या मागं लपली.

"आये, बास झालं आता," सयाजी तिचे हात हातात घेऊन म्हणाला. "काय हाल करून घेतलंस गं ह्ये? चल माज्यासंगं. पोरीला संबाळ अन् दोन घास सुकानं खा."

मनुबाई त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून रडली. नदीचा वास नाही, बिळं नाहीत, करंजाखालची ती दरड रोज दिसणार नाही. जेवढं फेडायचं तेवढं फिटलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःचा हिशेब नेहमी उदार हातानं करतो. तिनं गाठोडं बांधलं आणि निरोप घ्यायला तानुबाईकडं गेली.

तानुबाई उंबऱ्यात बसून कोंडा पाखडत होती. मनुबाईनं सांगितलं, सयाजी दर महिन्याला काही ना काही धाडत जाईल, पोरं मोठी होतच आहेत, काळजी करू नको. तानुबाईनं सूप खाली ठेवलं.

"आक्का, बोळा अख्खा निघाला हुता," ती म्हणाली.

मनुबाईला आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी सकाळी म्या त्यांच्यासंगं हुते. बोळा अख्खा हातात आला. त्यांनी उजेडात धरून बगितला अन् हसाय लागले. म्हनले, ह्यो वैनीचा पंजा. बघ की, तीनदा दाबलाय बिचारीनं. सून बाळंतीण हाय, न्हेले असतील खेकडं. न्हेऊ दे. कुनाला बोलू नगोस, आता वैनी बोलंल माज्यासंगं."

मनुबाई भिंतीला टेकली. 

"एकादा मागं ठिवलाय का बगतो म्हनले. म्या म्हनलं, आवं काडी घाला आदी." तानुबाईनं खाली ठेवलेलं सूप जवळ ओढलं. "तर म्हनले, वैनीनं कोंडलंय ह्ये. भोयाची लेक हाय ती. ती काडी इसरंल व्हय? अन् हात घाटला."

 मग मनुबाईनं विचारलं, "मग तवाच का बोलली न्हाईस?"

"बोलून काय झालं असतं? तुमाला सांगडीवर घाटलं असतं. मग माज्या पोरास्नी कुनी घाटलं असतं खायाला?" तानुबाईनं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "बोळा म्याच पायानं तुडवला. अन् सगळं बेट माज्या मालकाला नाव ठिवतं, त्ये ऐकत बसले. आता तुमी निगालासा. जावा की. पर जायाच्या आदी अर्जुनाफुडं बसा, चार मानसं बलवा, अन् सांगा त्यास्नी की नाथाजी काडी इसरला न्हवता. तुमाला आता बेटावरनं घालवायचं भ्याव न्हाई. तुमी आपसूकच चालल्यासा."

"अन् न्हाई सांगितलं तर?"

"तर ऱ्हावा हितंच. माजी पोरं अजून बारकी हायती."

मनुबाई घरी आली. शालूबाई भांडी पोत्यात भरत होती. सयाजी लेकीला खांद्यावर घेऊन नाचवत होता आणि पोरगी खिदळत होती. लहानपणी सयाजीला पोहायला नाथाजीनंच शिकवलं होतं. चुलता गेल्याचं ऐकलं तेव्हा तो पलटणीत जेवणाच्या ताटावरून उठला होता, हे त्यानं कालच सांगितलं होतं. मनुबाई दारात उभी राहून तिघांकडं बघत राहिली. अर्जुनापुढं बसायचं तर हे तिघंही तिथं असणार. पोरगी कशानं जगली हे शालूबाईला कळणार, आणि सयाजी पुन्हा तिचे हात हातात घेणार नाही. अर्जुनाचं खोपट हाकेच्या अंतरावर होतं. मेलेल्या माणसाचं नाव धुऊन काढायला एवढं चालत जायचं होतं. मनुबाईनं आयुष्यभर कुठल्या कुठल्या बिळांत हात घातला, पण तिथवर जायची तिची छाती झाली नाही.

"सयाजी, म्या न्हाई येत," ती म्हणाली. "नदीबिगर मला करमायचं न्हाई. तुमी जावा."

सयाजीनं समजावलं, रागावला, शेवटी रडला. ती हलली नाही. बेटावर सगळ्यांना भरून आलं. जावेच्या पोरांसाठी पोटच्या पोराचं घर सोडणारी बाई पुन्हा व्हायची नाही, असं म्हातारा अर्जुना म्हणाला. दुसऱ्या दिवशी सगळे काठावर पोचवायला आले. सयाजीनं बायकोला आणि लेकीला सांगडीवर बसवलं, मग माघारी वळून तो तानुबाईच्या पाया पडला.

"काकी, आयेकडं ध्यान द्या. तिला एकटीला सोडू नगा," तो म्हणाला.

तानुबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनुबाईकडं बघितलं. "न्हाई रं सोडत," ती म्हणाली. "तू निर्धास्त जा."

सांगड पाण्यात गेली. ती पल्याडच्या काठाला लागेपर्यंत मनुबाई उभी राहिली आणि मग खालच्या काठावर बिळं बघायला गेली, कारण तानुबाईची पोरं सकाळपासून उपाशी होती.